चौथ्या भागातली फट

६ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी सायकलींच्या शेडकडे. टेबलं दोन. खिडकीजवळचं आधीच एकाने बळकावलेलं. त्याला मी मनातल्या मनात दाढी म्हणते, कारण त्याच्या चेहऱ्याचा तेवढाच भाग नीट दिसतो. माणूस भला वाटला. चहा आणून दिला, प्रिंटर कसा चालवायचा ते दाखवलं, कुणाशी किती बोलावं तेही सांगितलं. पाच वर्षं इथे आहे, प्रबंध उन्हाळ्याच्या आत द्यायचाय, बायकोला सातवा महिना. हे सगळं पहिला चहा संपायच्या आत. इतकं मोकळं कुणी उगाच होत नाही. पण असतीलही अशी माणसं.

मला इथे घेतलंच का, हे काही केल्या कळत नाही. माझं आजवरचं सगळं काम लेझरच्या प्रयोगशाळेतलं. प्रकाशाचा एकेक कण मोजायचा. यंत्राने टिक् केलं की आकडा पुढे. तिथे मी एकदा सरांना विचारलं होतं, की टिक् व्हायच्या आधी तो कण नक्की कसा असतो? सर म्हणाले, "ते विचारायचं नसतं, मोजायचं असतं." तेव्हापासून माझं डोकं जे उठलं ते उठलंच. म्हणून ही उडी, प्रयोगशाळेतून या सिद्धांत मांडणाऱ्या गटात. पण उडी मी मारली, झेललं कुणी आणि कशासाठी? मुलाखतीला बाहेर बसलेले सगळे याच विषयात मुरलेले होते. गटाच्या प्रमुख बाईंनी मला एकच प्रश्न विचारला: "हिशेबात चूक सापडली तर काय करता?"

मी म्हटलं, "आधी ती माझीच आहे असं धरते. नाइलाज झाला की मग दुसऱ्याची."

बाकीचे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि आठवड्याभरात मला बोलावणं आलं.

यात काहीतरी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आईचा फोन. शेजारच्या काकूंना तिने सांगितलं, की मुलगी आता भौतिकशास्त्राच्या पायावर काम करते. काकूंनी विचारलं, मग सिमेंट जरा स्वस्तात मिळेल का. मागून दादा ओरडला, "पाया खणतेयस की भरतेयस ते विचार तिला!"

मी म्हटलं, अजून जागाच बघतेय.

१० जानेवारी, शुक्रवार

बाईंनी काम दिलं. बाई निवृत्तीला आलेल्या, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कपाळाकडे बघतात, जणू तिथे काही लिहिलंय. काम ऐकून मी चाट पडले. त्यांचीच जुनी सिद्धता वाचायची! या विषयातलं प्रत्येक पोर ती पाठ करून आलेलं असतं. मोजण्याच्या आधीसुद्धा कणाला स्वतःचं असं काही ठरलेलं असू शकतं का, या प्रश्नाच्या उत्तराकडे जाणाऱ्या वाटा थोड्या. त्यातल्या एका वाटेचं दार बाईंनी तरुणपणी बंद केलं. असं असूच शकत नाही, हे सिद्ध करून दाखवलं. तेव्हापासून त्या वाटेला कुणी फिरकत नाही.

"पहिल्या ओळीपासून," बाई म्हणाल्या. "कुणी मोठ्या माणसाने लिहिलंय हे विसरा. परीक्षेचा पेपर तपासायला आलाय असं समजा."

"कशासाठी?"

"विषय शिकायला बरं पडेल." मग म्हणाल्या, "आणि काय वाचताय ते सध्या तुमच्या-माझ्यातच राहू द्या."

का? जी गोष्ट जगाला पाठ आहे, ती वाचण्यात लपवण्यासारखं काय?

१७ जानेवारी, शुक्रवार

तिसरा भाग संपला. सुंदर लिहिलंय. एक शब्द काढता येणार नाही की घालता येणार नाही. इतकं गुळगुळीत काही दिसलं की मला आधी हात फिरवून बघावासा वाटतो. दादा म्हणतो, लहानपणी दूधवाल्याच्या मापात मी बोट घालून बघायचे.

बाई रोज दारात उभ्या राहून विचारतात, "कुठवर आलात?" आवाज अगदी सहज. चेहरा सहज नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

चौथ्या भागात एक ओळ आहे. इथे दोन गोष्टी अनंताकडे न्यायच्या आहेत: एक कणांची संख्या आणि दुसरा वेळ. आधी संख्या वाढवत न्या, मग वेळ. असं गणित मांडलंय. पण पुढच्या ओळीत क्रम उलटा झालाय. आधी वेळ, मग संख्या. आणि मध्ये लिहिलंय, "हे स्पष्टच आहे."

मला स्पष्ट नाही.

मोजे आणि बूट दोन्ही घालायचे हे कबूल. पण आधी बूट घालून वर मोजे चढवले तर ते तेच झालं असं कोण म्हणेल? काही ठिकाणी क्रम बदलून चालतो, काही ठिकाणी अजिबात नाही. इथे चालतो हे दाखवायला हवं होतं. दाखवलेलं नाही.

आधी ती माझी चूक आहे असं धरलंय.

२७ जानेवारी, सोमवार

आठवडाभर धरून बसले. माझी नाही.

ती ओळ काढली तर पुढचं सगळं लोंबकळतं. दार बंद नाही, नुसतं लोटलेलं आहे. आणि आजवर कुणाच्याच लक्षात आलं नाही? की ज्यांच्या लक्षात आलं त्यांना बोलू दिलं नाही?

म्हणून का मला घेतलं? बाहेरची, नवखी, विषयातलं ओ की ठो कळत नसलेली. जिला काही सापडणार नाही अशी. उद्या कुणी विचारलं तर बाई म्हणतील, माझ्या गटात नव्याने सगळं तपासून घेतलंय, काही निघालं नाही.

दुपारी त्या दारात आल्या. "कुठवर आलात?"

"तिसऱ्या भागात," मी म्हटलं. किती सहज निघालं तोंडातून.

"असं?" बाई कपाळाकडे बघत राहिल्या. "तिसऱ्यानंतर चौथाही आहे." आणि गेल्या.

हे काय होतं? इशारा की धमकी?

२८ जानेवारी, मंगळवार

कुणालातरी सांगितल्याशिवाय माझं पोट फुगेल. दाढीला सांगितलं. फळ्यावर काढून दाखवलं. तो बराच वेळ फळ्यासमोर उभा होता, हात खिशात. मग त्याने आधी दार लावलं, मग फळा पुसला, ओल्या फडक्याने, कोपऱ्यापर्यंत.

"बाईंना बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. आत्ता तरी नको." त्याचा आवाज बसला होता. किती मनाला लावून घेतलं त्याने माझं! "तुझ्या आधी एक मुलगी होती इथे. तिलाही हीच सिद्धता वाचायला दिली होती. तिनेही काहीतरी विचारलं म्हणे. दोन महिन्यांत तिची दुसरीकडे रवानगी."

"कुणी केली?"

"कुणी म्हणजे? बाईंनीच."

म्हणजे माझा संशय बरोबर होता. दाढी नसता तर मी सरळ बाईंच्या खोलीत जाऊन तोंड फोडून घेतलं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दाढीने चार पानं लिहून आणली. त्याच्या मते क्रम बदलता येतो. मधली पायरी बाईंनी फक्त लिहिली नाही, इतकंच. बिचारा दोन रात्री झोपला नसावा, डोळे तांबारले होते. स्वतःचा प्रबंध बाजूला ठेवून माझ्यासाठी इतकं कोण करतं? मी म्हटलंही, "अरे, तुझं काय अडलं होतं?" तर हसला नुसता.

त्याची पानं पटतात. पटत नाहीत असं कुठे बोट ठेवता येत नाही.

मग मीच चुकले म्हणायचं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

बाईंकडे अधूनमधून एक गृहस्थ येतात. उन्हातही अंगात कोट, म्हणून मी त्यांना कोट म्हणते. दाढीने सांगितलं, ती सिद्धता बाईंनी आणि यांनी मिळून लिहिली होती. आता शेजारच्या विभागाचे प्रमुख आहेत, आणखी वर जायच्या बेतात. मी पाण्याची बाटली भरायला गेले होते, बाईंच्या खोलीचं दार नीट लागलेलं नव्हतं.

कोट म्हणाले, "तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस. आणि माझ्याही."

बाई काहीतरी हळू बोलल्या.

"त्या मुलीला काढ इथून. नाहीतर दुसरं काही काम दे."

"तिला मी काही सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सांगणारही नाही."

बाटली वाहून माझ्या चपलेवर पाणी आलं तेव्हा मी भानावर आले.

आता शंकेला जागाच राहिली नाही. दोघांना माहीत आहे, आणि दोघं मिळून दाबतायत. फरक एवढाच, की कोटांना मला हाकलायचंय आणि बाईंना मला अंधारात ठेवून वापरायचंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

"कुठवर आलात?"

"तिसराच चाललाय. जरा जड जातंय."

बाई आत आल्या आणि चक्क खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या. घरी कोण कोण असतं, जेवायचं काय करता, खोलीत ऊन येतं का, असं काहीबाही विचारत होत्या. राहते त्या खोलीखाली कपडे धुवायचं-इस्त्रीचं दुकान आहे, दिवसभर वाफ येते, हे ऐकून म्हणाल्या, "मी तुमच्या वयाची असताना बेकरीच्या वर राहायचे. सतत भूक लागायची." छान बोलतात. अशी माणसं गोड बोलूनच गळाला लावतात. मी तोलून-मापून उत्तरं दिली.

जाताना म्हणाल्या, "घाई नको. पण अडलं तर मला विचारा. मलाच."

'मलाच'वर जोर होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

दाढीची पानं पटत होती तरी रुखरुख जात नव्हती. आज सकाळी कपडे वाळत घालताना सुचलं, की सामान्य सूत्रांशी झटापट कशाला करा, सगळ्यात लहान उदाहरण घेऊन बघू. ज्यात दोनच पर्याय आहेत, नाण्यासारखं. ते हाताने करता येतं.

केलं. एका क्रमाने उत्तर शून्य येतं. दुसऱ्या क्रमाने अर्धं.

पुन्हा केलं. शून्य आणि अर्धं. पेन्सिलीने, पेनाने, मग संगणकावर. शून्य आणि अर्धं.

दोन कपडे बादलीतच राहिले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दाढीला दाखवलं. त्याने नीट बघितलंसुद्धा नाही. "उदाहरण फारच लहान आहे. अशात काहीही होतं."

"अरे, पण तुझ्या पुराव्यात कुठे लिहिलंय की उदाहरण मोठंच हवं?"

"मग तुझंच काहीतरी चुकलं असेल." मग एकदम आवाज खाली आणून, "हे बघ, माझा प्रबंध पुढच्या महिन्यात जातोय. त्यानंतर काय हवं ते कर ना. एक महिना. काय बिघडतं?"

त्याच्या प्रबंधाचा आणि याचा काय संबंध, मला कळेना. मग लक्षात आलं. बाई त्याच्या मार्गदर्शक! त्यांनी त्याला दम दिला असणार: त्या मुलीला गप्प ठेव, नाहीतर तुझा प्रबंध अडकवते. त्याशिवाय का एवढा हुशार माणूस असं वेड्यासारखं बोलेल? घरात बाळ येणार, बिचाऱ्याला कैचीत पकडलंय.

बाईंची आता मला खरंच भीती वाटते.

१ मार्च, शनिवार

शुक्रवारी बाईंचं निरोपाचं व्याख्यान आहे. सगळीकडून लोक येणार आहेत. विषय काय, तर तीच सिद्धता.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. तो ऐकून म्हणाला, "तू बाईंना विचारलंस?"

"त्यांनाच कसं विचारू? त्याच तर आहेत यात!"

"तरी. एकदा विचारून तर बघ. तुला वाटतं ते वाटतं म्हणून खरंच असतं असं नाही ना."

"दादा, माझ्याकडे आकडे आहेत."

"आकडे गणिताचे आहेत. बाईंचे कुठेयत?"

त्याला यातलं काय कळतं? तरी फोन ठेवल्यावर चिडचिड होत राहिली.

६ मार्च, गुरुवार

ठरलं. खोलीत सांगितलं तर दाबतील. भर सभेत विचारलं तर दाबता येणार नाही.

बाई आज जिन्यात भेटल्या. गुणगुणत होत्या! मला म्हणाल्या, "उद्या पुढे बसा हं." इतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, खुशाल असा. उद्यापर्यंत.

७ मार्च, शुक्रवार

आत्ताच लिहून काढते.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत कोट. मी पाचव्या रांगेत, कडेला. दाढी मागे दाराशी उभा. बाई जवळजवळ तासभर बोलल्या आणि एकदाही टिपणाकडे बघितलं नाही. तरुणपणी हे कसं सुचलं, पहिल्यांदा याच खोलीत मांडलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता, असं सगळं. लोक हसत होते. मीही एकदा हसले, आणि मग स्वतःचाच राग आला.

शेवटी त्या म्हणाल्या, "मधली काही वर्षं मला स्वतःलाच याची खात्री वाटेना. म्हातारपणाचे खेळ. आता वाटते." आणि माझ्याकडे बघितलं. कपाळाकडे नाही, डोळ्यांत. आणि हसल्या.

केवढा निर्लज्जपणा, असं मला वाटलं. मी उभी राहिले.

"चौथ्या भागात संख्या आणि वेळ अनंताकडे नेण्याचा क्रम बदललाय. तो का बदलता येतो?"

बाईंचं हसू गेलं नाही, तिथेच थिजलं. "पुन्हा विचारा," त्या म्हणाल्या. "मागे ऐकू गेलं नसेल."

पुन्हा विचारलं. आणि म्हटलं, "माझ्याकडे एक उदाहरण आहे. त्यात बदलता येत नाही."

कोट वळून म्हणाले, "ही जागा नाही हे काढायची."

"हीच आहे," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण मागपर्यंत गेला असावा, कारण खुर्च्यांची कुरकूर थांबली. "पुढे या. फळा तुमचा."

मी गेले. खडू दोनदा तुटला. शून्य लिहिलं, मग अर्धं. मागे कुणी खोकत नव्हतं. बाई माझ्या शेजारी उभ्या राहून एकेक ओळ वाचत होत्या, ओठ हलत होते, शाळेतल्या मुलीसारख्या. एका ठिकाणी मी उणे चिन्ह विसरले, ते त्यांनी बोटाने दाखवलं. मी घातलं. उत्तर तेच राहिलं.

"हे फक्त एवढ्या लहान उदाहरणात होतं, की मोठ्यातही?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. उत्तर माहीत नसलेल्या माणसासारखं.

"माहीत नाही."

"मलाही नाही." त्या लोकांकडे वळल्या. "दार बंद आहे असं मी इतकी वर्षं सांगत आले. ते आता मला सांगता येत नाही. आजचं व्याख्यान इथेच संपलं."

टाळ्या झाल्या नाहीत. कोट उठून निघून गेले. दाढी आधीच गेला होता. लोक मला गराडा घालून काय काय विचारत होते, आणि मी जिंकले होते, आणि मला एकच दिसत होतं: बाई टेबलावरचा माईक बंद करायचं बटण शोधतायत आणि त्यांना ते सापडत नाहीये.

१० मार्च, सोमवार

बाईंनी बोलावलं. आता काढणार, म्हणून मी बॅग भरूनच गेले.

"बसा," म्हणाल्या. "कधी दिसलं तुम्हाला?"

"जानेवारीत."

"जानेवारीत." त्यांनी डोळे मिटले. "मी रोज विचारत होते."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही लपवताय असं वाटलं. मी तुमचं आणि त्यांचं बोलणं ऐकलं होतं."

मग बाईंनी जे सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी त्यांना त्या ओळीची शंका आली. पण ठरवता येईना. स्वतःचं लिखाण, शंभरदा वाचलेलं. नजर तिथे आली की घसरायची. आधीच्या मुलीला त्यांनी सांगून ठेवलं, की चौथा भाग जरा बघ. झालं, तिला जिथे तिथे चुका दिसायला लागल्या. बाईंना काय ऐकायचंय तेच ती सांगायला लागली. तिचा उपयोग नव्हता आणि तिचंही नुकसान होत होतं, म्हणून दुसरीकडे चांगली जागा मिळवून दिली. मग ठरवलं, की ज्याला काहीच माहीत नाही अशा कुणालातरी वाचायला द्यायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. कोट म्हणत होते, कशाला उकरून काढतेस.

"म्हणजे मला फसवलंत."

"न सांगणं म्हणजे फसवणं असेल, तर हो. पण सांगितलं असतं तर तुम्हाला ते माझ्यामुळे दिसलं असतं. मला बघायचं होतं, की ते मुळात तिथे आहे का."

प्रयोगशाळेत आम्ही हेच करायचो. जो मोजतो त्याला काय यायला हवं ते सांगत नसू.

"तुम्ही महिनाभर तिसऱ्या भागातच होता," बाई म्हणाल्या. "मी धरून चालले, की चौथा तुम्ही ओलांडलात, काही खटकलं नाही, आणि घाईने वाचलं असं मला वाटू नये म्हणून सावकाश चाललंय असं सांगताय. फार बरं वाटलं मला. शुक्रवारी सकाळी मी बऱ्याच वर्षांनी पोटभर न्याहारी केली." मग म्हणाल्या, "तुम्ही चुकलात असं म्हणत नाही. गणित बरोबरच आहे. फक्त तुम्ही या खोलीत याल असं वाटलं होतं."

'माफ करा' म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. त्याऐवजी मी विचारलं, "मग दाढीला, म्हणजे त्याला, तुम्ही का दम दिलात?"

"कसला दम?"

मी सांगितलं. फळा, चार पानं, एक महिना थांब म्हणाला ते. बाई ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा थकत गेला.

"त्याचा प्रबंध कशावर आहे, कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. दोन महिने त्याच्या समोर बसून, त्याच्या बायकोचा कितवा महिना हे माहीत असून, नव्हतं विचारलं.

"माझ्या त्या सिद्धतेवर," बाई म्हणाल्या. "पाचही प्रकरणं."

११ मार्च, मंगळवार

दाढी आला नाही. त्याचं टेबल तसंच आहे.

दिवसभर चिडले त्याच्यावर. पानं पुन्हा वाचली. चूक तिसऱ्या पानावर आहे, आणि ती नकळत झालेली नाही. तिथे त्याचं अक्षर बदललंय. बाकी सगळीकडे पळतं, तिथे सावकाश, एकेक अक्षर जपून काढलेलं. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. मी दारातल्या बाईंचा चेहरा वाचत बसले, आणि समोरच्या टेबलावरचा माणूस मला वाचताच आला नाही.

१९ मार्च, बुधवार

बाईंची खोली रिकामी होतेय. पुस्तकं उतरवायला मदत केली. शेवटी एकदाचं म्हटलं, "माफ करा."

"कशाबद्दल?" मग म्हणाल्या, "बरं. केलं." आणि मला पहिल्यांदा एकेरीत म्हणाल्या, "त्याच्या घरी जाऊन ये. मी गेले तर त्याला ओशाळं वाटेल."

"माझ्यामुळे नाही वाटणार?"

"वाटेल. पण तुम्ही दोघं बरोबरीचे आहात."

२३ मार्च, रविवार

गेले नाही. तो मला काय सांगेल आणि त्यातलं खरं किती धरायचं, याचाच विचार करत बसले.

६ एप्रिल, रविवार

आज गेले.

त्याच्या बायकोने दार उघडलं. खांद्यावर बाळ, मुलगी, जेमतेम तीन आठवड्यांची, मुठी वळून झोपलेली. बायकोने मला ओळखलं नाही आणि नंतर ओळखलं. ते दोन्ही तिच्या तोंडावर दिसलं. "आत आहे," एवढंच म्हणाली.

दाढी स्वयंपाकघरात ओट्याशी बाटल्या उकळत होता. दाढी काढून टाकली होती. हनुवटी लहान निघाली. आता याला काय म्हणायचं?

"मला माहीत होतं," तो पाठमोराच म्हणाला. "तू फळ्यावर काढलंस त्याच दिवशी कळलं. वाटलं, एवढा प्रबंध जाऊ दे. मग मीच कबूल करेन."

"करणार होतास?"

त्याने गॅस बंद केला. "माहीत नाही."

हे 'माहीत नाही' मला खरं वाटलं. त्याने 'हो' म्हटलं असतं तर मी उठून गेले असते.

"मी बाईंना खलनायक करून टाकलं," मी म्हटलं. "तू फक्त मला थांबवत होतास. बाकीचं सगळं मीच रचलं."

"मी रचू दिलं."

बाहेर बाळ रडायला लागलं, बायकोच्या चपलांचा आवाज इकडून तिकडे जात राहिला. रागवायचं राहूनच गेलं की मी राग सोडला, हे अजून मला कळलेलं नाही. मी विचारलं, "प्रबंध आहे का इथे?"

त्याने शंकेने बघितलं. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती. "कशाला?"

"काय उरतं ते बघू. सगळंच कसं जाईल?"

त्याने तो आणला. जेवणाच्या टेबलावरचे लंगोट बाजूला सारून आम्ही बसलो. पहिलं प्रकरण गेलं. दुसरं गेलं, मधल्या एका आकृतीसकट, जी काढायला त्याला उन्हाळा लागला होता. तिसऱ्यावर घासाघीस झाली. तो म्हणाला वाचतं, मी म्हटलं नाही, शेवटी त्यानेच फुली मारली. चौथंही गेलं. त्याची बायको येऊन मागे उभी राहिली, बाळाला थोपटत, आणि फुल्या बघून काही न बोलता परत गेली.

पाचव्याशी आलो तेव्हा उन्हं कलली होती. तिथे त्याने सिद्धतेचा निकाल वापरलाच नव्हता. फक्त सुरुवातीला नाव घेतलं होतं. आम्ही दोघांनी ते एकदमच बघितलं आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"हे उभं राहतंय," तो म्हणाला.

"राहतंय असं वाटतंय. नीट बघू."

त्याने कोरा कागद ओढला आणि पाचवं प्रकरण पहिल्यापासून मांडायला घेतलं. माझं सगळं लक्ष त्याच्या हाताकडे होतं; सवय जात नाही. दुसऱ्या पानाच्या मध्यावर पेन भराभर पळायला लागलं. एक पायरी सुटली असं सांगायला मी तोंड उघडणार तेवढ्यात ते थांबलं. त्याने लिहिलेलं पुन्हा वाचलं, ओठ हलवत, आणि शेवटची ओळ स्वतःच खोडली.